‘बाळा, सरांना पाठव’ असं भर कोर्टात ऐकावं लागलं तर

प्रिय ज्युनियर,

पत्र मिळालं. मधेमधे ‘जाऊ दे ताई’ लिहून पुन्हा तोच विषय काढलायस, त्यावरून कळलं की तो काही अजून गेलेला नाहीये.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी जिल्हा कोर्टात दुसऱ्या वर्षात आहे, घरात वकील कोणी नाही, शिक्षण मराठी मीडियम, सिनियर सिव्हिलवाले. शेतजमिनीच्या दाव्यात निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जावर, युक्तिवाद होता, सर दुसऱ्या कोर्टात अडकले म्हणून ही उभी राहिली, आणि दोन वाक्यं होतायत तोवर समोरचे ज्येष्ठ वकील उठून म्हणाले, “बाळा, तू नवीन आहेस, सरांना पाठव.” मागची बाकं हसली, जजसाहेबांनीही “सरांना येऊ द्या” म्हणत तारीख दिली, आणि बाहेर आल्यावर अशील विचारतो, “मॅडम, पुढच्या वेळी सर येतील ना?” दुसरा प्रसंग फौजदारी कोर्टातला, ही आरोपीतर्फे उलटतपास घेत होती, सरकारी वकील “लीडिंग आहे, लीडिंग आहे” (म्हणजे उत्तर सुचवणारा, सूचक प्रश्न आहे) म्हणून उठले आणि हिने प्रश्नच सोडून दिला. शिवाय केसांवरून टोमणे, इंग्रजीची भीती, आणि आईचं रोजचं ‘जेएमएफसीची, म्हणजे सिव्हिल जजची, परीक्षा दे’. विचारायचं आहे ते इतकंच की अशा वेळी उलट बोलायचं की ऐकून घ्यायचं.

दोन्ही नको. समोरच्या वकिलाशी बोलायचंच नाही. कोर्टात उभी राहिलीस की तुझं सगळं बोलणं डायसशी, म्हणजे जजशी, मग समोरचा बाळा म्हणो, बेटा म्हणो, फाईल आपटो नाहीतर तुझ्याकडे बघून हसो. तो जे काही बोलला त्याचं उत्तर जजकडे बघून द्यायचं किंवा द्यायचंच नाही. ऐकायला सोपं वाटतं पण आपल्याकडच्या मुलींना हे जड जातं, कारण मोठं माणूस बोललं की त्याच्याकडे वळून उत्तर द्यायची सवय घरातूनच लागलेली असते, आणि एकदा का तू त्यांच्याकडे वळलीस की ते दोघांचं भांडण होतं, भांडणात ज्येष्ठाचं पारडं जड, आणि जज घड्याळाकडे बघून तारीख देतात. तुझ्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. ते मधे बोलायला लागले की तू थांब. आवाज चढवून दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही, बाईचा आवाज चढला की ‘चिरकली’ म्हणतात आणि पुरुषाचा चढला की ‘काय दणकून आर्ग्यू केलं’ म्हणतात, हे चूक आहे पण आज सकाळी अकराच्या बोर्डावर (म्हणजे दिवसाच्या केसेसच्या यादीवर) ते बदलणार नाही. त्यांचं वाक्य संपू दे. मग जजकडे बघून, “सर, माझा युक्तिवाद पूर्ण होऊ द्यावा, विद्वान वकिलांना त्यांची वेळ मिळेलच.” ‘बाळा’ पुन्हा आलं तर एकदाच, चेहऱ्यावर काहीही न आणता, “सर, मी वादीतर्फे हजर आहे, माझा उल्लेख वादीच्या वकील असा व्हावा ही विनंती, आणि आता मी पीक पाहणीच्या नोंदींकडे येते.” शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. विनंती करून थांबलीस तर सगळं कोर्ट तुझ्या रागाकडे बघत बसतं, न थांबता पुढच्या मुद्द्यावर गेलीस तर जजला कागद उलटावाच लागतो.

आणि त्याच वकिलांना कँटीनमध्ये भेटलीस तर ‘नमस्कार सर’ म्हणायचं, मनापासून. आतलं आत ठेवायचं. उद्या तुझा अशील तडजोडीला तयार झाला तर फोन त्यांनाच करायचाय.

“सरांना पाठवा” हे मात्र वेगळं प्रकरण आहे आणि इथे मी लगेच जजना दोष देणार नाही. आधी मला सांग, त्या दाव्यात वकीलपत्रावर, म्हणजे अशिलाने वकील नेमल्याच्या कागदावर, तुझं नाव आणि सही आहे का? पत्रात तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुतेक नसणार. बऱ्याच ऑफिसांत वकीलपत्र एकट्या सरांचं असतं आणि ज्युनियर वर्षानुवर्षं ‘सर येतायत, मॅटर बॅक ठेवा’ एवढं सांगायला उभी असते. उद्या ऑफिसला गेलीस की सरांना सांग की नवीन प्रत्येक वकीलपत्रावर तुझं नाव घालायचं, आणि या दाव्यात पुढच्या तारखेच्या आत दाखल करायचं. सर चांगले असतील तर त्यांना आनंदच होईल, नसतील तर निदान तुला कळेल की तू तिथे काय म्हणून आहेस. एकदा नाव आलं की “सरांना पाठवा” याला उत्तर तयार असतं, “सर, वकीलपत्रावर माझं नाव आहे, मी तयारीने आलेय, दहा मिनिटं मिळावीत.” दहा मिनिटं मागितलेल्या वकिलाला नाही म्हणणारा जज विरळा, बोर्डावर साठ-सत्तर मॅटर असतात, कोणीतरी स्वतःहून कमी वेळ मागतंय हे त्यांना हवंच असतं.

पण तयारीने म्हणजे खरंच तयारीने. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात एक ज्युनियर तारीख मागायला उभा राहिला, केसची काहीच माहिती नव्हती, तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी त्याला पाठवणाऱ्या वकिलावर २००० रुपये खर्च बसवला. ज्युनियरवर नाही, पाठवणाऱ्यावर. ही गोष्ट तुझ्या सरांच्या कानावर सहज जाता जाता घाल.

निशाणी ५ चं बोलू, कारण तुझी पहिली खरी कसोटी तीच आहे आणि सगळ्यात जास्त मुली तिथेच अडखळताना मी बघते. मनाई हुकमाच्या अर्जावर कोर्टाला तीनच गोष्टी बघायच्या असतात, प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचं पारडं आणि भरून न येणारं नुकसान, हे लॉ कॉलेजात पाठ केलेलं असतं, मग कोर्टात उभं राहून आपण दावा पहिल्या परिच्छेदापासून वाचायला लागतो. वाचू नकोस, जजनी दावा वाचलेला असतो, नसेल तर तू वाचून दाखवल्याने ते ऐकणार नाहीत. पहिलं वाक्य कब्जाचं. “सर, वादग्रस्त गटात आज वादी पेरणी करतोय, त्याचा पुरावा कागदांच्या यादीतला अनुक्रमांक १, सातबारा, त्यातली गेल्या ३ वर्षांची पीक पाहणी.” इथे थांबायचं, त्यांना पान उघडू द्यायचं. पानाचा आवाज थांबेपर्यंत बोलायचं नाही. मग दुसरं, “प्रतिवादीने कैफियतीत स्वतः कुठलं पीक घेतलं हे कुठेही म्हटलेलं नाही.” (कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर.) समोरचे उठून म्हणणार की सातबारा म्हणजे मालकी नव्हे. बरोबरच म्हणणार. त्यावर भांडत बसायचं नाही, “मान्य आहे सर, आज प्रश्न मालकीचा नाही, कब्जाचा आहे, आणि महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरायच्या.” समोरच्याचा बरोबर मुद्दा मान्य करून टाकला की जज मान वर करून बघतात, ही तरुण वकील हट्टाने बोलत नाहीये हे त्यांच्या लक्षात येतं, आणि मग तुझा पुढचा मुद्दा ते लिहून घेतात.

मोजणी नकाशा तुझ्या विरुद्ध असेल तर तोही तूच आधी काढ. समोरच्याने काढला तर तू लपवलंस असं दिसतं. आणि अशील बाहेर कितीही म्हणाला की ‘मॅडम, हे बोलूच नका’, तरी अशिलाचं तोंड होऊन वागायचं नाही हे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांतच लिहिलंय, कोर्टाप्रती कर्तव्य या भागात. निकाल दाखवायचा असेल तर पूर्ण प्रत, एक जजना, एक समोरच्यांना, तीही आधी दिलेली, आणि तो निकाल तू स्वतः सगळा वाचलेला. हल्ली एआयला विचारून निकाल टाकतात आणि तो निकाल अस्तित्वातच नसतो, असले प्रकार कोर्टांनी पकडलेत. तुझं वय बघता पहिला संशय तुझ्यावरच येईल म्हणून सांगितलं.

तारीख संपल्यावर रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टाची नोंद, बघतेस का? बघत जा. त्या दिवशी “सरांना येऊ द्या” कोर्ट म्हणालं, पण रोजनाम्यात ‘वादीच्या वकिलांनी मुदत मागितली’ असं गेलं असेल तर ती मुदत तुझ्या खात्यावर लागली, आणि पुढच्या वेळी समोरचे हेच वाचून दाखवतील की वादीलाच घाई नाहीये. ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्या तारखेचं कामकाज दिसतं, चुकीचं असेल तर दुसऱ्याच दिवशी छोटी पर्सिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दे. ह्यात उद्धटपणा काही नाही.

आता फौजदारी. सरकारी वकील “लीडिंग” म्हणून उठले आणि तू प्रश्न सोडलास, हे वाचून मला खरंच हळहळ वाटली कारण कायदा शंभर टक्के तुझ्या बाजूला होता. सूचक प्रश्न सरतपासात (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना) चालत नाहीत, उलटतपासात चालतात, भारतीय साक्ष्य अधिनियम कलम १४६, जुन्या कायद्यात हेच १४३ होतं. उलटतपास असतोच सूचक. एवढंच म्हणायचं होतं, “सर, उलटतपास आहे, कलम १४६,” आणि प्रश्न पुन्हा, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. तरीही कोर्टाने प्रश्न नाकारला तर वाद घालू नकोस, “प्रश्न आणि तो नाकारल्याची नोंद व्हावी ही विनंती,” म्हण आणि पुढे जा. नोंद झाली की अपिलात ती उपयोगी पडते, न झालेला प्रश्न कुठेच नसतो.

त्याच मॅटरमध्ये साक्षीदार म्हणाला की आरोपीच्या हातात काठी होती आणि पोलिसांपुढच्या जबाबात काठीच नाहीये, बरोबर? मग त्याला ‘तू खोटं बोलतोयस’ म्हणायची गरज नसते. विचारायचं, “पोलिसांना जबाब देताना काठीचं सांगितलं होतं का?” तो हो म्हणणार. “जबाबात तसं लिहिलेलं नाही, कारण सांगू शकाल?” आणि मग ते आपल्या कोर्टांतलं नेहमीचं वाक्य टाईप होतं, ‘माझ्या जबाबात तसे का लिहिलेले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ तिथे थांब. ‘म्हणजे तुम्ही आत्ता बनवून सांगताय ना’ हा पुढचा प्रश्न विचारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि साक्षीदार तेवढ्यात काहीतरी पटण्यासारखं कारण सांगून मोकळा होतो. उरलेलं काम तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा, त्याच्या तोंडून हे काढायचं की हा साक्षीदार जबाबात काठीबद्दल बोलला नव्हता. ते विसरलीस तर आधीचं सगळं वाया, आणि तपासी अंमलदार कधी कधी दोन वर्षांनी येतो, म्हणून फाईलच्या आतल्या कव्हरवर पेनाने लिहून ठेव.

बाई साक्षीदार असेल तर आणखी एक. कोणी ज्येष्ठ म्हणेल, तू बाई आहेस, तूच विचार तिला तसले प्रश्न, आपल्यावर येणार नाही. असभ्य आणि अपमान करणारे प्रश्न कोर्ट रोखू शकतं, त्याच साक्ष्य अधिनियमाची कलमं १५४ आणि १५५, आणि लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये संमतीचा मुद्दा काढून पीडितेच्या चारित्र्यावर किंवा पूर्वीच्या संबंधांवर प्रश्न विचारायला कायद्यानेच बंदी आहे. नाही म्हणून सांग.

इंग्रजीचं काय घेऊन बसलीस! १९९८ पासून महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, शासनाची अधिसूचना आहे तशी. तू मराठीत युक्तिवाद केलास तर उपकार मागत नाहीयेस. आणि ‘मायलॉर्ड’ची गरज नाही, बार कौन्सिलने २००६ मध्येच सांगितलंय की खालच्या कोर्टात ‘सर’ किंवा आपल्या भाषेतला तसा शब्द चालतो, डायसवर बाई असतील तर ‘मॅडम’. इंग्रजी शिक, हायकोर्टात जायचं असेल तर लागेलच, पण तुटक इंग्रजीत घाबरत बोलण्यापेक्षा स्वच्छ मराठीत दहा मिनिटं बोललेलं जजना जास्त कळतं, त्यांनाही निकाल लिहायचा असतो.

केस आणि कपडे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे जिल्हा न्यायालयात एक नोटीस लागली होती, महिला वकील भर कोर्टात केस सावरतात त्यामुळे कामकाजात व्यत्यय येतो, तसं करू नये, अशी. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी ती ट्विटरवर टाकली, गदारोळ झाला आणि नोटीस मागे घेतली गेली. म्हणजे टोमणे काही तुझ्या एकटीच्या कोर्टाचे नाहीत. माझं मत विचारशील तर घरून निघतानाच केस घट्ट बांध आणि विषय संपव, त्या टोमणेवाल्यांसाठी नाही, तर युक्तिवाद करताना एक हात केसांत आणि एक हात फाईलवर असला की पान सापडत नाही म्हणून. कपड्यांचा नियम साधा आहे, पांढरा किंवा काळा किंवा फिका रंग, प्रिंट नाही, साडी असो की सलवार कुडता, वर काळा कोट आणि बँड, म्हणजे गळ्यातली पांढरी पट्टी. गाऊन जिल्हा कोर्टात ऐच्छिक, आणि उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळा कोटसुद्धा सक्तीचा नाही, हे मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलींनी लक्षात ठेवावं, कोणी हटकलं तर बार कौन्सिलचा नियम दाखवता येतो. आणि बँड बाहेर आल्यावर काढून ठेव, भाजी मंडईत बँड घालून फिरायचं नाही असा नियमच आहे (मंडई माझी, नियमात सार्वजनिक ठिकाण म्हटलंय).

एक गोष्ट तू दोन ओळींत लिहून पुढे गेलीस, की एक वकील रात्री उशिरा ‘केसबद्दल’ मेसेज करतात आणि तू उत्तर दिलं नाहीस तर दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये काहीतरी बोलतात. ‘बाळा’ आणि हे एका तराजूत घालू नकोस. ‘बाळा’ म्हणणाऱ्याला कोर्टात नीट शब्दांत थांबवता येतं. हे तसं नाही. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, बार रूममध्ये काय बोलले, कोण समोर होतं, तारखेसकट लिहून ठेव, आणि एका विश्वासातल्या ज्येष्ठ वकील बाईंना आत्ताच सांगून ठेव, तक्रार करायची असो वा नसो. तक्रार करायची ठरवलीस तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते, आणि मजकूर तसा असेल तर भारतीय न्याय संहितेची ७५ आणि ७९ ही कलमं आहेत. ‘बारमध्ये राहायचंय ना’ असं समजावणारे येतील, त्यात बायकाही असतील. त्यांचं ऐकू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण छोट्या बारमध्ये ते किती जड जातं मला माहितीये, पण पुरावा गोळा करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तू लिहिलंयस की ‘शिष्टाचार म्हणजे मोठ्यांसमोर गप्प बसणं असंच आम्हाला शिकवलं.’ बार कौन्सिलच्या नियमांत कोर्टाप्रती कर्तव्याचा अगदी पहिला नियम काढून वाच. वकिलाने प्रतिष्ठेने आणि स्वाभिमानाने वागावं, लाचार होऊ नये, आणि न्यायिक अधिकाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रारीला खरंच जागा असेल तर ती योग्य ठिकाणी मांडणं हा हक्क आणि कर्तव्य दोन्ही आहे, असं तिथे आहे. याचा अर्थ उद्या जजसाहेबांविरुद्ध अर्ज करायचा असा नाही, “सरांना येऊ द्या” एवढ्यावरून तर मुळीच नाही. आणि त्यांच्या चेंबरमध्ये एकटी जाऊन ‘सर, त्या दिवशी मला बोलू दिलं नाहीत’ असंही करायचं नाही, चालू मॅटरबद्दल जजशी खासगीत बोलणं नियमांत बसत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन आल्या तरी त्यांना वकील म्हणून सनद मिळायला कित्येक वर्षं गेली, बायकांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा १९२३ चा, आणि मिठन टाटा मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या त्या १९२४ मध्ये. शंभर वर्षं होऊन गेली आणि आजही देशातल्या नोंदणीकृत वकिलांत बायका सुमारे १५ टक्केच. तुझ्या अशिलाने आयुष्यात बहुतेक पुरुष वकीलच पाहिलेत, त्याचा राग नको धरूस. पुढच्या तारखेआधी त्याला ऑफिसला बोलाव, सरांसमोर बसव, आणि सातबारा उलगडून त्यालाच विचार की बांधावरचं झाड कुठल्या बाजूला आहे, विहिरीचं पाणी कोण घेतं, गेल्या वर्षी सोयाबीन कोणी काढलं. माझा अनुभव असा आहे की ज्या वकिलाने आपल्या रानाची इतकी चौकशी केली त्याच्याबद्दल शेतकरी पुन्हा ‘सर येतील ना’ विचारत नाही. आणि सरांना विनंती कर की युक्तिवाद तू करणार, ते फक्त शेजारच्या खुर्चीत बसणार. ते बसलेत हे बघून समोरचे निम्मे शांत होतील, हे अन्यायाचं आहे, पण पहिल्या दोन-चार वेळा ही मदत घ्यायला लाजू नकोस.

राहिली आई. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलंय की सिव्हिल जजच्या परीक्षेला बसायचं तर किमान ३ वर्षांची प्रॅक्टिस हवी, म्हणजे तुला तसंही अजून उभं राहायचंच आहे. तो अनुभव दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाच्या दाखल्यावर, न्यायिक अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह धरतात, तेव्हा तू हजर होतीस त्या तारखांचे रोजनामे एका फाईलला लावत जा, परीक्षा दिलीस तर लागतील, नाही दिलीस तरी काही बिघडत नाही. आईला हे असंच सांग, ती सध्यापुरती गप्प बसेल.

तुझी,
ताई